खंडेनवमीचा पंखा

“पक्कडीला हात लावलास तं हात मोडीन तुझा!”

आप्पा असे कडाडले, की रुळांपलीकडे खोपटच्या डेपोत उभी असलेली एसटी घाबरून दोन फूट मागे सरकली. मी त्यांच्या दारात, एका हातात कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, दुसरा हात पाटाकडे गेलेला. पाटावर पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर अशी सगळी मंडळी हळदकुंकू लावून झेंडूखाली निजली होती. त्या दिवशी खंडेनवमी होती. कोपरीच्या या वाइंडिंगवाल्या आप्पांचा नियम असा, की पुजलेली हत्यारं दसऱ्याच्या संध्याकाळची आरती होईपर्यंत उचलायची नाहीत. “वरीसभर राबतात बिचारी. दोन दिस निजू दे त्यांना.”

एरवी हा माणूस म्हणजे पंख्यांचा डॉक्टर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या पोटाला, मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. नुसत्या कण्हण्यावरून पंख्याच्या घरी सासू आहे की नाही हे ते ओळखत, अशी कोपरीत वदंता होती. वदंता मीच उठवली होती, पण ती खोटी होती असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पंख्याच्या नातेवाइकांना ते फार बोलत. “कवापासून कुरकुरतोय? गणपतीपासून? मंग आता कशाला आणलास, मयताला?”

माझा रोगी, म्हणजे कार्डावरचा पंखा, बिस्किटाएवढा होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि हलतीबोलती चित्रं काढणारं ते कार्ड मावसभावाने सिंगापूरहून आणलं होतं. तो पंखा अडकला, की कार्ड इतकं तापे की त्यावर पापलेट तळावं. मग पडद्यावर हिरवे पट्टे, आणि सगळं ठप्प. मुंबईतल्या दुकानांना फोन केले. उत्तर एकच : पंखा सुटा येत नाही, अख्खं कार्ड मागवा, महिना लागेल.

महिना कुठला? दसऱ्याला सकाळी अकराला अंधेरीच्या ॲनिमेशन कंपनीचे साहेब, ठाण्यात सासुरवाडीला आले असताना, माझं काम बघायला घरी येणार होते. तीन वर्षं मी बेकार होतो. बाबांनी जाहीर केलं होतं, की साहेबांनी घेतलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून त्यांच्याबरोबर डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात. बाबा घरी आल्यावर त्यांच्या आंघोळीच्या पाण्यात चाळीने रंगपंचमी खेळावी, असा तो कारखाना.

हे सगळं सांगताना मी उंबऱ्यातच बसून रडलो. नाटक म्हणून सुरुवात केली होती, पण मधेच खरं रडू आलं.

आप्पांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत हाक मारली, “अगं, डोक्यातला आकडा दे.”

काकींच्या केसातल्या आकड्याने त्यांनी पंखा सोडवला. वरचं लेबल अंगठ्याच्या नखाने सोललं. काडीच्या टोकावरून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग कानाशी काही धरायची सोय नव्हती म्हणून पंखाच कानात घातल्यासारखा धरला.

“आसाभवतीचा बुश झिजलाय बाला. फिरंल, पन अडंल. अडला की कुनीतरी टोचायला पायजे.”

“कोण टोचणार, आप्पा?”

“मना उद्या काम नाय.”

दसऱ्याला सकाळी आप्पा नवा सदरा घालून आले आणि आमच्या टेबलाखाली मांडी घालून बसले. वय साठीच्या पुढे, गुडघे वाजत होते. हातात झाडूची एक हीर. कॉम्प्युटरचं झाकण उघडं, नजर पंख्यावर.

साहेबांनी खाली वाकून विचारलं, “हे कोण?”

“आमचे तांत्रिक सल्लागार,” मी म्हणालो.

मग मी माझी होडी पडद्यावर फिरवायला घेतली. खाडीतून निघालेली होडी, तिचं विमान होणं, विमानाचा बगळा होणं. माझ्या कपाळावरून इतका घाम वाहत होता, की ती होडी खोलीतही चालली असती. पंखा अडला, की खालून टक्. परत अडला, टक्. दर वेळी माझा जीव हिरव्या पट्ट्यांपर्यंत जाऊन परत येत होता. एकदा पातं बोटाला लागलं तेव्हा आप्पांनी तोंडात बोट घातलं आणि डाव्या हाताने टोचत राहिले. पूर्ण वीस मिनिटं. एकही पट्टा आला नाही. साहेब उठले, सोनं दिलं, म्हणाले, “कळवतो.”

सोमवारी मी बाबांबरोबर डोंबिवलीला गेलो, ‘पत्र येईपर्यंत’ म्हणून. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं. माझी नखं आधी गुलाबी झाली, मग जांभळी. शेवटी चार ओळींचं पत्र आलं.

ते घेऊन मी कारखान्यातून परस्पर आप्पांकडे गेलो. वाटलं, या जगात हे दुःख वाटून घेईल असा एकच माणूस आहे. ते एका टेबलफॅनला कान लावून बसले होते.

“आप्पा, नाही घेतलं त्यांनी.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “पंखा शेवटपर्यंत फिरत व्हता ना?”

“होता.”

“मंग चित्र बरं नसंल,” आप्पा म्हणाले.