तो ‘तरच’ माझा होता

कारगिलची लढाई झाली त्या वर्षी मी नगरला टायपिंगचा क्लास चालवत होते. दोन खोल्या, आठ मशिनं, आणि नवीनच घेतलेला एक कॉम्प्युटर. त्याला टेलिफोनची तार जोडली की बराच वेळ किरकिर करून ई-मेल उघडायची. लष्कराची छावणी जवळ असल्यामुळे माझ्याकडे माजी सैनिकांची ये-जा असायची. कुणाला अर्ज टाईप करून हवा असे, कुणाला कुठलं तरी प्रमाणपत्र. माझे वडीलही पलटणीत क्लार्क होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते दुपारी क्लासात येऊन बसत आणि लोकांचे अर्ज तपासून देत.

वडिलांचे एक मित्र होते, निवृत्त सुभेदार. त्यांचा मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि बापाला माझ्या पत्त्यावर मेल पाठवायचा. लढाईनंतर त्यातून एक लाटच आली. अमुक डोंगरावर अमक्याने काय केलं, जवानांना काय मिळालं नाही, सरकारने काय लपवलं. प्रत्येक मेलच्या शेवटी एकच ओळ असे : खरा भारतीय असाल तर हे पुढे पाठवा. सुभेदार प्रत्येक मेल छापून घ्यायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे.

सप्टेंबरमध्ये आलेली मेल सैनिकांच्या विधवांविषयी होती. नवा आदेश निघाला आहे, त्याप्रमाणे विधवेने सहा महिन्यांच्या आत दिराशी लग्न करायचं, नाहीतर पेन्शन बंद होईल, असा तिचा मथितार्थ. खाली ‘एक वरिष्ठ अधिकारी’ एवढंच.

“पोरी, हे मराठीत कर,” सुभेदार म्हणाले. “खेड्यातल्या बायांना कोण सांगणार हे? मुदत निघून जायची बिचाऱ्यांची.”

मी मराठीत केलं. मन लावून केलं. वर ‘महत्त्वाची सूचना’ असा मथळा दिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या, मजकुराला कलम एक, कलम दोन असे आकडे घातले. सरकारी पत्रं टाईप करून हाताला तसं वळणच पडलं होतं. वडील त्या आठवड्यात आत्याकडे गेले होते, त्यांना दाखवायचं राहिलं. सुभेदारांनी समोरच्या दुकानात गठ्ठाभर झेरॉक्स काढल्या आणि एसटीने हिंडून वाटल्या. पाथर्डीकडे, नेवाशाकडे, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात.

दिवाळीच्या थोडं आधी क्लासात एक मुलगी आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. कडेवर दोन वर्षांचं लेकरू, कपाळ मोकळं. तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवरून दोन एसट्या बदलून आली होती.

“बाई, मराठी टायपिंग शिकायला किती दिस लागत्यात?”

“सहा महिने तरी. रोज यावं लागेल.”

“त्याच्या आत न्हाई व्हायचं?”

मी कारण विचारलं. तिने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. “माझं पेन्शन बंद व्हनार हाय. मंग पोटाला काय तरी पाह्यजे ना.”

कागद उलगडण्याआधीच मागून दिसणाऱ्या दोन रेघा मी ओळखल्या. कलम एक, कलम दोन. माझाच कागद.

तिने सांगितलं ते असं. नवरा जूनमध्ये डोंगरात गेला. सासरच्यांनी तिला काही कमी पडू दिलं नव्हतं. पण हा कागद गावात आला, पाच माणसांत वाचला गेला, आणि तुळशीचं लग्न झालं की धाकट्या दिराशी तिचा पाट लावायचा ठरला. विधवेचं दुसरं लग्न, चार माणसांत, वाजंत्रीशिवाय.

“मी लग्न हून आले तवा भावजी सातवीत हुते,” ती म्हणाली. “त्यांचा डबा मी बांधायची. मला न्हाई जमायचं ते, बाई. मामंजी म्हनत्यात, सरकारचाच हुकूम हाय, आपुन काय करनार.”

गप्प राहणं सोपं होतं. तिला प्रवेश द्यायचा, शिकवायचं, मनातून चांगलं वाटून घ्यायचं. पण ती त्या कागदाकडे ज्या नजरेने बघत होती ती मला सोसवेना.

“हा कागद मी टाईप केलाय,” मी म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. तिला वाटलं, मी सरकारात आहे. मग मी मेल म्हणजे काय ते सांगितलं, सुभेदारांचं सांगितलं, मथळा आणि रेघा मी माझ्या मनाने घातल्या तेही सांगितलं. तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“खरंय का खोटंय, हे तुमी बघितलंच न्हाई?”

“नाही.”

“मंग आता तुमीच बघा,” ती म्हणाली, आणि कागद तिथेच ठेवून निघून गेली.

वडिलांनी कागद एकदा वाचला आणि चष्मा काढला. ते चिडले की आवाज खाली यायचा. “आदेशाचा नंबर कुठाय? तारीख कुठाय? सही कुणाची?” त्यांनी विचारलं. “चोवीस वर्षांची नोकरी त्याच तीन गोष्टींवर केली मी. आणि माझ्या घरातून हा कागद गेला?”

मी मूळ मेल पुन्हा उघडली. दोघांनी शब्द न शब्द लावून बघितला. नंबर नव्हता, तारीख नव्हती. सहा महिन्यांची मुदत कुठून आली त्याचा पत्ता नव्हता. पण मधेच एक वाक्य कुठल्या तरी खऱ्या नियमातून उचललेलं दिसत होतं. विधवेने दिराशी लग्न केल्यास तिची पेन्शन चालू राहू शकेल, असा त्याचा अर्थ. मी काय लिहिलं होतं? ‘दिराशी लग्न केले तरच पेन्शन चालू राहील.’ मेल खोटी होतीच. पण तिच्यातली एकुलती एक फट मी बुजवून टाकली होती. तो ‘तरच’ माझा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माजी सैनिकांची कामं होतात त्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाला वडिलांनी विचारलं, असा काही आदेश आलाय का. तो म्हणाला, “आलाय की. तो काय फळ्यावर लावलाय.” फळ्यावर माझाच कागद होता, चार टाचण्यांनी नीट लावलेला.

मी टाचण्या काढल्या.

“ओ बाई, सरकारी फळ्यावरचा कागद असा काढता येत नाही.”

“माझा आहे. मी टाईप केलाय आणि तो खोटा आहे.”

“पण सगळे हेच सांगतायत.”

“सगळ्यांना मीच सांगितलंय.”

तो वडिलांकडे बघायला लागला. वडील म्हणाले, “साहेब असतील तर बोलवा.” साहेब नव्हते. आम्ही कागद घेऊन घरी आलो.

वडिलांनी तिच्या नवऱ्याच्या पलटणीची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. त्याचा नंबर, हुद्दा, बायकोचं नाव सगळं मी तिसगावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देऊन तिच्याकडून मागवून घेतलं होतं. पत्र रजिस्टर केलं. तोवर मी मेल ज्या ज्या पत्त्यांवर गेलेली दिसत होती त्या सगळ्यांना उत्तर लिहिलं. माझं इंग्रजी तेव्हा काही धड नव्हतं. हा आदेश कुठे आहे ते दाखवा, नाहीतर मागे घ्या, एवढंच लिहिलं आणि खाली पूर्ण नाव टाकलं. तीन जणांची उत्तरं आली. एकाने विचारलं, पाकिस्तानकडून पगार मिळतो का. दुसऱ्याने माझ्या आडनावावरून जात ओळखून, ज्यांनी कधी बंदूक धरली नाही त्यांनी फौजेविषयी बोलू नये, असं कळवलं. वडिलांनी पासष्टला आणि एकाहत्तरला काय धरलं होतं ते मी त्याला लिहून पाठवलं. तिसऱ्याने तीच मेल मला परत पाठवली.

सुभेदार मात्र घरी येऊन बसले. “चांगल्या कामात विघ्न आणतेस तू. जवानाच्या बाबतीत शंका काढायची नसते.”

“जवानाच्या बाबतीत नाही काढली,” मी म्हणाले. “कागदाच्या बाबतीत काढली. तुम्ही जिथे जिथे वाटला त्या गावांची नावं द्या मला.”

“मी काय लिहून ठेवलंय?”

“मग आठवा.”

वडिलांच्या मित्राशी मी असं कधी बोलले नव्हते. ते चहा न घेता उठले.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर पाट ठरला होता त्याच्या चार दिवस आधी आलं. नंबर, तारीख, सही, शिक्का. विधवेने पुन्हा लग्न केलं नाही तर पेन्शन तिला मिळत राहील. दिराशी लग्न केलं तरी काही अटींवर चालू राहू शकेल. लग्नाची सक्ती करणारा कोणताही आदेश नाही. मी त्याचा मराठी तर्जुमा केला. या वेळी दर ओळीला वडील शेजारी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिसगाव आणि तिथून टेम्पो. वडील कुठल्याही गावात ‘जय हिंद’ म्हणूनच शिरायचे. त्यामुळे समोरच्याला आधी फौजी दिसे, जात नंतर. ओसरीवर सासरा होता, गावातली दोन-तीन मोठी माणसं होती. सासरा वाळलेला, कमी बोलणारा. पोराचा फोटो भिंतीवर होता, त्याखाली तो बसला होता.

वडिलांनी पत्र वाचून दाखवलं. सासऱ्याने ते हातात घेऊन उलटसुलट केलं. “ह्ये इंग्रजीत हाय. पहिलं मराठीत हुतं. समद्यास्नी समजलं.”

मी माझा मराठी कागद पुढे केला. त्याने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मग माझ्याकडे बघितलं.

“पहिला बी तुमीच टाईप केला म्हनता. दुसरा बी तुमीच. आमी कंचा खरा धरायचा?”

त्याने विचारलं होतं ते बरोबरच होतं.

वडील म्हणाले, “पहिल्यावर सही नाही. ह्याच्यावर आहे. खाली पत्ता आहे, तुम्ही स्वतः लिहून विचारा. आमच्यावर विश्वास ठेवूच नका.”

बाजूला बसलेला एक जण हसला. “हवालदारसाहेब, आता आमच्या घरात कुनी कुनाशी लगीन करायचं ते तुमी सांगनार व्हय?”

त्यातला ‘तुमी’ कुणाला उद्देशून होता ते ओसरीवर सगळ्यांना कळलं. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणाले, “नाही. ते ती सांगेल. आम्ही फक्त तिच्या तोंडावर ठेवलेला खोटा कागद काढायला आलोय. तो आमचा होता.”

ती दारात उभी होती. पदर डोक्यावर, नजर सासऱ्यावर.

“मामंजी,” ती म्हणाली, “कागद खरा असू द्या न्हाई तर खोटा. पेन्शन गेलं असतं तरी मी न्हाईच म्हनले असते. मी टायपिंग शिकाया गेल्ते ते त्यासाठीच. तुमास्नी सांगितलं न्हाई, येवढं माझं चुकलं.”

मग गोठ्याच्या बाजूने दीर आला. मिसरूड फुटलेला, लाजाळू गडी. तो बापाकडे न बघता म्हणाला, “आबा, मला बी नगं हुतं. पन सरकारचा हुकूम म्हनल्यावर काय बोलायचं.”

सासऱ्याने डोळे मिटले. मग म्हणाला, “माझ्या नातीचं वाईट हू नये म्हनून केलं मी. माझ्या पोराची लेक हाय ती.” मला त्याच्याविषयी इतका वेळ जो राग होता तो कुठे ठेवावा कळेना. पण माघार घ्यायला आम्ही आलो नव्हतो. वडिलांनी रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राची एक प्रत तिच्या हातात दिली, सासऱ्याच्या नाही, आणि आम्ही उठलो.

पाट लागला नाही.

मी नवा कागद काढला. ‘सप्टेंबरमध्ये वाटलेली सूचना खोटी आहे, ती मी टाईप केली होती’ असं वर ठळक लिहिलं. मथळा नाही, रेघा नाहीत. खाली माझं नाव आणि क्लासचा पत्ता. घोडेगावच्या बाजारात मी तो स्वतः वाटला. बैलांच्या मधून हिंडताना लोक मला विचारत, कशाची जाहिरात आहे. काही जण वाचून हसले. एक म्हातारी बाई वाचता येत नव्हतं म्हणून माझ्याकडून दोनदा ऐकून घेऊन गेली. फळ्याच्या कचेरीत मी दोन खेपा घातल्या, तेव्हा कुठे साहेबांनी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र तिथे लावलं. सगळीकडे मी पोचले असेन असं मला वाटत नाही. तो खोटा कागद पुढच्या वर्षी एका वेगळ्याच तालुक्यातून माझ्याकडे परत आला, कुणीतरी हाताने उतरवून काढलेला, आणि त्यात मुदत तीन महिन्यांवर आली होती. मी पुन्हा एसटीत बसले.

ती आठवड्यातून तीन दिवस क्लासला यायची. लेकरू टेबलाखाली रिबिनीच्या रिकाम्या रिळांशी खेळायचं. बोटं आखूड होती तिची, वरची ओळ गाठायला त्रास व्हायचा, पण ती हट्टी होती. परीक्षेच्या दिवशी सासराच तिला मोटारसायकलवर घेऊन आला. नातीला घेऊन बाहेर पायरीवर बसला. मी दोनदा दारात आले. तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही बोलायला गेले नाही. ती पहिल्या खेपेला पास झाली.