पांढऱ्या दाढीची लेमूर

प्राण्यांच्या पार्कमधल्या लेमूरच्या बेटावर जाणाऱ्या लाकडी पुलाच्या तोंडाशी एक पाटी आहे. तिच्यावर हिरव्यापासून काळ्यापर्यंत गोल काढलेले आहेत आणि एक बाण शेवटून तिसऱ्या, लाल गोलावर टेकलेला आहे. त्याच्यापुढे दोनच गोल उरतात. एकाचा अर्थ, जंगलात संपले, फक्त माणसांच्या ताब्यात आहेत. दुसऱ्याचा अर्थ, कुठेच नाहीत. बाण ज्याच्यावर आहे त्याला मराठीत अतिसंकटग्रस्त म्हणतात. जुने स्वयंसेवक सांगतात की हा बाण पूर्वी बराच अलीकडे होता, मग पाटीच बदलावी लागली.

दर शनिवारी मी या पाटीशेजारी हिरवं जाकीट घालून उभा राहायचो आणि मोडक्या डचमध्ये लोकांना समजावायचो. हे मुंगूस लेमूर, माकडांच्या लांबच्या नात्यातले. लालसर दाढीचा तो नर, पांढऱ्या दाढीची ती मादी. मूळचे मादागास्करच्या वायव्येकडचे. तिथलं जंगल कोळशासाठी आणि शेतीसाठी तुटत गेलं. शेजारच्या कोमोरोस बेटांवरही आहेत, पण तिथे त्यांना बहुधा माणसांनीच कधीतरी होडीतून नेलं. किती उरलेत? ते नक्की कुणालाच ठाऊक नाही, फार नाहीत एवढं ठाऊक आहे. म्हणून युरोपातली प्राणिसंग्रहालयं मिळून यांच्या जोड्या ठरवतात, आणि जन्मणारं पिल्लू एका पार्कचं नसतं, सगळ्यांचं असतं. मग शेवटचं सांगायचो: हात लावू नका, खायला देऊ नका, पिशव्यांच्या चेन बंद ठेवा.

हे मी कितीतरी अनोळखी माणसांना सांगितलं. माझ्या आईला सांगितलं नाही.

सांगितलं असतं, तर मी तिथे का जातो हेही सांगावं लागलं असतं. मी ॲमस्टरडॅमजवळ उइटहॉर्नला राहतो, शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मला बुटाची नाडी बांधता येईना. हात चालत होते, पण कुठलं टोक कुठे न्यायचं ते सुचेना. बायको माझ्यासमोर खाली बसली, तिनं नाडी बांधली, मग परत सोडली आणि ऑफिसला फोन केला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, बर्नआउट म्हटलं. इथे हा शब्द लोक सर्दीसारखा वापरतात. मला तो वापरता आला नाही. बरेच महिने मी घरी होतो. जिथे स्क्रीन नसेल अशा ठिकाणी आठवड्यातून एक दिवस जा, असं कंपनीच्या डॉक्टरनं सुचवलं, म्हणून पार्क.

पुण्याला यातलं काही कळवलं नाही. वाईट बातमी कळवायची आमच्या घरात एकच पद्धत आहे, ती म्हणजे न कळवण्याची. बाबा आयसीयूत होते तेव्हा मला 'जरा ॲडमिट केलंय, सलाइन लावलंय' एवढंच सांगितलं गेलं. खरं काय ते विमानतळावर बहिणीच्या आवाजावरून समजलं. मी कुणावर रागावलो नाही. लांब राहणाऱ्याचा जीव टांगणीला लावू नये, हे आमच्याकडे प्रेमच धरलं जातं. मीही तेच परत करत होतो.

पण शनिवारी फोन केला की मागून पक्ष्यांचे आवाज जायचे. आईनं विचारलं, कुठे आहेस. म्हटलं, इथे एक माकडांची संस्था आहे, तिथे येतो. पैसे देतात का? नाही. मग एवढा शिकलेला माणूस सुट्टीचा दिवस घालवून तिथे करतो काय? "सेवा करतो," मी म्हणालो.

तिचा आवाज इतका मऊ झाला की तो शब्द मला मागे घेता येईना. शनिवार, माकडं आणि सेवा. तिच्या मनात मारुतीशिवाय दुसरं काय येणार? तिनं शेजारणींना सांगितलं, आत्याला सांगितलं. बायको म्हणाली, "आता एक देऊळही बांधून टाक तिथे. तेल वाहायला मी येईन."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई आली. बाबा गेल्यानंतरची तिची पहिलीच खेप. ट्यूलिपची शेतं बघून झाली, तिला थंडी वाजली, मग ती दिवसभर मोबाइलवर पुण्याच्या बातम्या लावून बसायची. आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत. संध्याकाळी आम्ही आलो की ती सोफ्यावरून उठून उभी राहायची, पाहुण्यासारखी. तिला घाई होती ती एकाच गोष्टीची. तुझी माकडं दाखव. आणि शनिवारीच जायचं, हे तिनंच ठरवलं.

त्या दिवशी पांढऱ्या दाढीची मादी कठड्यावर येऊन बसली होती. ती गाभण होती. आईनं एका नजरेत ओळखलं. "दिवस गेलेत हिला," ती म्हणाली आणि हात जोडले. पुलावर मी सगळे नियम सांगितले होते, पण डचमध्ये, बाकीच्यांना. आईला मराठीत म्हणालो, "लांबूनच बघ हं." ज्या आवाजात म्हणालो त्यावरून तो नियम आहे असं कुणालाही वाटलं नसतं.

तिचा शनिवारचा उपास. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पर्समध्ये पुण्याहून आणलेला राजगिऱ्याचा लाडू होता. तो तिनं कागदातून काढला, मोडला आणि अर्धा पुढे केला. आधी त्यांचा, मग आपला, असं काहीतरी पुटपुटली.

मी हाताच्या अंतरावर होतो. या लेमूरना आम्ही केळंसुद्धा देत नाही, दुकानातली फळं त्यांना फार गोड पडतात. पालेभाज्या, कंद, थोडं मोजून दिलेलं तयार खाद्य, बस. हे मला पाठ होतं. आणि मी जागचा हललो नाही असंही नाही. मागून एक डच जोडपं येत होतं. मी त्यांच्या आणि आईच्या मधे जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांना माझं जाकीट दिसावं आणि आई दिसू नये. तिला अडवायला मी हललो नाही. आडोसा करायला हललो.

मादीनं लाडू दोन्ही हातांनी घेतला. खाऊन झाल्यावर आईचं मनगट धरलं आणि बोटं चाटली. आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. पण ते तसं होतं.

सोमवारी स्वयंसेवकांच्या ग्रुपवर मेसेज आला. बेटाची जबाबदारी ज्या बाईवर आहे, ती आमची कीपर, तिचा. मादी खात नाही, पोट बिघडलंय, एका जागी बसून आहे. शनिवार-रविवारी कुणी तिला काही भरवताना पाहिलं का? क्षुल्लक वाटलं तरी सांगा, कुणाला दोष द्यायचा नाहीये.

मी ऑफिसात होतो. वाचलं. कुणीतरी लिहिलं की रविवारी एका वाढदिवसाच्या पार्टीतली मुलं पुलावर चिप्स खात होती. दुसऱ्यानं लिहिलं, हो, मीही पाहिली. लोक त्याखाली अंगठे टाकू लागले. मीही टाकला.

जेवताना आई बायकोला लाडवाची गोष्ट परत सांगत होती. जेवणं झाल्यावर मी बायकोला मेसेज दाखवला. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन कर. मी म्हणालो, आई इथे आहे तोवर नको, तिच्या कानावर जाईल, ती हाय खाईल.

"तुमच्या घरात खरं बोलायलासुद्धा मुहूर्त लागतो," ती म्हणाली आणि डिशवॉशरचं दार गुडघ्यानं लावलं.

पुढचं मला नंतर कळलं. चिप्स म्हटल्यावर जनावरांच्या डॉक्टरांना शंका आली की पाकिटाचा तुकडा आतड्यात अडकला असेल. ते बघायला एक्स-रे, आणि एक्स-रेसाठी भूल. गाभण जनावराला भूल देणं धोक्याचं, पण अडकलेलं प्लास्टिक त्याहून धोक्याचं. आत काहीच सापडलं नाही. दोन दिवसांनी ती गाभडली.

शनिवारी मी गेलो तेव्हा ती वरच्या फांदीवर होती. नर तिला चिकटून बसला होता, त्याची शेपटी तिच्या पाठीवरून खाली लोंबत होती. कीपर पाइपनं पूल धूत होती. मी तिथेच सांगितलं. राजगिरा म्हणजे काय, ते सांगायला जरा वेळ लागला. गूळ तिला लगेच कळला.

तिनं नळ बंद केला. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, सोमवारी कळलं असतं तर आम्ही थांबलो असतो, एक दिवस फक्त पाला देऊन बघितलं असतं. मग म्हणाली, कदाचित पिल्लू तरीही गेलं असतं, ते आता कधी कळणार नाही.

"तूही अंगठा टाकला होतास," ती म्हणाली.

"हो."

तिनं मला काढलं नाही. त्या दिवसापासून मागच्या स्वयंपाकघरात घातलं, भाज्या चिरायला. पुलावर तिला असा माणूस हवा होता जो पुढे होऊन हात धरेल. मला ते पटलं. मी तेव्हापासून शनिवारी फ्लॉवरची पानं आणि कंद चिरतो. बेट तिथून दिसत नाही.

आई जूनमध्ये परत गेली. विमानतळावर म्हणाली, बाळंतीण झाली की फोटो पाठव. मी हो म्हणालो. नंतर दर फोनला तेच. माकडीण कशी आहे? छान. पिल्लू? आतल्या बाजूला ठेवलंय, फोटो काढू देत नाहीत. नाव काय ठेवलं? अजून ठेवलं नाही. तिनं मारुतीला नारळ फोडला. मी काही सांगितलं नाही. प्रत्येक फोननंतर मला इतका थकवा यायचा की मी गाडीत बसून राहायचो, किल्ली न लावता. कामाचा शीण तसा नसतो.

जानेवारीत ती म्हणाली की शेजारच्यांची सून आमच्या जवळच डीमनला नवऱ्याकडे निघाली आहे, तिच्याबरोबर डबा पाठवतेय. तुझ्यासाठी चिवडा, आणि राजगिऱ्याचे लाडू. ते तुला नाहीत हं, ते तिला आणि पिल्लाला.

"आई, पाठवू नकोस," मी म्हणालो.

मग सांगितलं. सगळं, उलट्या क्रमानं. आधी पिल्लू, मग भूल, मग अंगठा, मग आडोसा. मग पाटीवरचा बाण. त्या बाणावरून मी तिथे मुळात का गेलो होतो त्यावर आलो, नाडीपर्यंत. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"लाडवानं गेलं का ते?"

"तसं नाही. लाडवानं पोट बिघडलं असेल. मी बोललो नाही म्हणून भूल द्यावी लागली."

"म्हणजे थोडं माझंही आहे."

"तुला माहीत नव्हतं, आई."

"नव्हतं. तू माहीत होऊ दिलं नाहीस," ती म्हणाली. "पण माझं जेवढं आहे तेवढं माझ्याकडे राहू दे. ते तू उचलू नकोस. सगळं परस्पर उचलायची तुला सवय लागलीय, तुझ्या बाबांसारखी."

मग तिनं विचारलं की तशी आता किती उरलीत. मी पुलावर सांगायचो तेच सांगितलं. फार नाहीत. ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. मी केला तर कामात आहे म्हणायची. डबा आला, त्यात फक्त चिवडा होता. बायकोनं तो बरणीत भरला आणि पहिल्यांदाच या विषयावर काही टोमणा मारला नाही.

मग एका शनिवारी, मी कंद सोलत असताना, आईचा फोन आला. मी तिला सांगितलं की मादी आता बरं खाते, आणि कीपर म्हणते की पुढच्या मोसमात बघू. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, आता खरंच सांगायचं असं ठरलंय, तर माझंही ऐक. दिवाळीच्या आधी ती बाथरूममध्ये पडली होती. मनगट मोडलं होतं, प्लास्टर होतं, म्हणून ते सगळे दिवस कॅमेरा बंद ठेवायची आणि मला सांगायची की नेट बरोबर नाही. बहिणीलाही तिनं तंबी दिली होती. डाव्या डोळ्यानं आता नीट दिसत नाही. सांगायचं अजूनही आहे, म्हणाली, पण आज एवढं पुरे.

मी सुरी खाली ठेवली. एकटी कशी राहतेस, असं विचारणार होतो, पण ते विचारून पुढे माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. म्हणून विचारलं, हात आता कसा आहे.

पूर्वी ती म्हणाली असती, छान आहे.

"दुखतो," ती म्हणाली.