आशाताईंच्या फॉर्मवर शेठ नाही

पनवेलमध्ये डोळे मिटून दगड मारला तरी तो एखाद्या शेठलाच लागतो. शेतं गेली, टॉवर आले आणि घरोघरी शेठ झाले. उरलेले बॅनरवर भावी नगरसेवक. या सगळ्यांना आशाताई मोकल एका झटक्यात साधा माणूस करून टाकतात. आरटीओसमोर त्यांचं टेबल आहे आणि शेजारी माझं झेरॉक्सचं मशीन, म्हणून चौदा वर्षं हा तमाशा मी फुकट बघतोय.

त्या गाड्यांचे फॉर्म भरतात. समोरचा छाती फुगवून सांगतो, "ॲडव्होकेट कृष्णकांतशेठ." त्या लिहितात, कृष्णकांत. खारघरचा एक दातांचा डॉक्टर नावाआधी 'डॉ.' हवंच म्हणून अर्धा तास भांडला. "गाडीला दात नसतात, डॉक्टर," एवढंच म्हणाल्या. तोंडाने मात्र ज्याचा मान त्याला देतात.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे, सही करणाऱ्याला अख्खा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पेन देत नाहीत. रांग माझ्या दारापर्यंत येते आणि मी मनातल्या मनात शिव्या घालतो.

दसऱ्यानंतर गव्हाणचा दीपेशशेठ आपल्या वहिनीला, जनीला घेऊन आला. तिचा नवरा धनेश वर्षापूर्वी वारला. त्याचा टेम्पो आता दीपेश चालवत होता. पुढच्या काचेवर रेडियममध्ये 'दीपेशशेठ' हे नाव धनेशनेच धाकट्या भावाच्या कौतुकाने टाकलेलं. गाडी एकाची आणि काचेवर नाव लाडक्याचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

"दादाची गाडी माझ्या नावावर करायची हाय," दीपेश म्हणाला. "वयनीची वारस म्हनून सही पायजे."

जनीने पिशवीतून आरसीचं कार्ड काढलं. ते देव्हाऱ्यात असायचं. दर दसऱ्याच्या पूजेने त्यावर हळदकुंकवाचा असा थर बसला होता की नाव दिसेना. आशाताईंनी ते पदराने पुसलं, क्षणभर बघितलं, फॉर्म भरला आणि वाचायला लागल्या.

"मी, जनी धनेश घरत, या गाडीची मालक..."

"कोनाची गाडी?" जनीने विचारलं.

"तुमची. घेतली त्या दिवसापासून तुमच्याच नावावर आहे."

"म्याडम, वाचायची काय गरज हाय?" दीपेश उसळला. "महिन्याला चार गिऱ्हाइकं आनतो मी तुमच्याकडं!"

"आणता हो, दीपेशशेठ. त्या चौघांनाही वाचूनच दाखवते."

जनी दिराकडे वळली. "तुला ठाव व्हता?"

दीपेश रस्त्याकडे बघत राहिला. मला त्याचा असा संताप आला की मी मशीनच बंद केलं. जनी रडेल असं वाटलं होतं. तिने फॉर्म टेबलावर परत सरकवला आणि हात पुढे केला.

"चावी दे."

"आनि टेम्पो चालवनार कोन?"

"तूच. काचेवरचा नाव ऱ्हाऊ दे, त्यांनी हौसेनं टाकलाय. पन चावी रोज सकाली माझ्याकडनं न्यायची."

दीपेशने चावी दिली. आशाताईंनी पुसलेलं कार्ड जनीच्या हातात ठेवलं.

"पुढच्या दसऱ्याला कुंकू मागच्या बाजूला लावा, जनीशेठ."