खाजणातली राखण

आमच्या सासूबाई, मैनाबाई, खोटं बोलत नाहीत. नुसत्या गप्प बसतात आणि समोरच्याला काय समजायचं ते समजू देतात. हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. या वैशाखात त्यांच्या गप्प बसण्यापायी अकरा म्हशींची चराई बुडायची वेळ आली होती.

दाभोळच्या खाडीत आत, जिथे पाणी धड खारंही नाही आणि धड गोडही नाही, तिथे आमचं बारा एकरांचं खाजण आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी वाडीतली माणसं गोळा करून खाडीला चिखलाचा बांध घातला आणि जमीन काढली. आधी भात पिकायचं. मग माणसं मुंबईला गेली, भाताच्या जागी गवत आलं आणि गवतावर म्हशी आल्या. सासरे केरू जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून खाजण म्हणजे सासूबाई. बांधाबाहेरची तिवरं त्या कोणाला तोडू देत नाहीत, कारण पाण्याचा मार आधी तिवरं खातात आणि मग बांध. कोपऱ्यातलं गवत टिटवीची पिल्लं पळती झाल्याशिवाय कापायचं नाही. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीच्या दारापाशी पाणमांजरं मासे धरतात, म्हणून तिथे जाळं लावायचं नाही. एवढी काळजी घरातल्या माणसांची घेतली असती तर, असं मी एकदा म्हणाले.

"तुला तोंड हाय गो," त्या म्हणाल्या. "त्यांना कुटं हाय?"

खाजणाच्या मधोमध चिकणमातीचा एक उंचवटा आहे. मार्चमध्ये सासूबाईंनी त्याच्याभोवती करवंदीच्या काट्या रचल्या आणि कडेला एक दगड उभा केला. कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे जमिनीला राखणदार असतो, वर्षातून एकदा त्याला कोंबडा-नारळ द्यायचा, त्या देण्यालाच राखण म्हणतात. मैनाबाईंनी राखणेची जागा बदलली, असं वाडीने धरून चाललं. गुरं घेऊन जाणारेही लांबून जाऊ लागले. मी तर एका रविवारी तिथे नारळ ठेवला आणि मुंबईला असलेल्या नवऱ्याला, संदेशला, बढती मिळू दे म्हणून हात जोडले. सासूबाई गोठ्यातून बघत होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत.

मग पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड पडली, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. नंतर भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी तिथवर चढत नव्हतं, म्हणून दिवस मिळाले. पण अमावास्येला दुपारी बाराला पुन्हा पुरी भरती येणार होती. ती आत शिरली असती तर खांड दुप्पट झाली असती आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवत उगवलं नसतं. आम्ही जेसीबीसाठी फोनवर फोन केले, पण पावसाआधी सगळ्यांनाच जेसीबी हवा असतो. आमचा आला तो थेट अमावास्येच्या सकाळी नऊला.

चालवणारा निलेश चिपळूणचा. त्याने सगळीकडे बकेट घालून बघितली. सगळा पातळ रेंदा, बांधाला धरेल अशी माती फक्त त्या उंचवट्यात. वाडीतले जाणते बाबल्याकाका पुढे आले, त्यांनी पागोटं सारखं केलं आणि गाऱ्हाणं घातलं, की बाबा राखणदारा, तुझी जागा हलवतो, चुकलंमाकलं पोटात घाल. निलेशने बकेट उचलली.

सासूबाई चालत गेल्या आणि उंचवट्यावर जाऊन बसल्या.

"हितं राखनदार नाय," त्या म्हणाल्या. "मगरीची अंडी हायत."

बाबल्याकाकांचा चेहरा मला अजून आठवतो. अंड्यांना गाऱ्हाणं घातलेला वाडीतला तो पहिलाच माणूस, आणि नारळ ठेवलेली पहिली मी. कोणी म्हणालं, अंडी टोपलीत भरून हलवू. सासूबाई म्हणाल्या, अंडं फिरलं की आतला जीव मरतो. कोणी वनखात्याला फोन लावला. हात लावू नका, आम्ही दोनपर्यंत पोहोचतो, असं उत्तर आलं. केस होईल म्हणून निलेशने चावीच काढून घेतली. संदेशचा फोन आला, तो तिकडून ओरडत होता की उंचवटा काढा. मीही ओरडले. आधी सांगितलं असतंत तर डंपरने माती आणली असती, म्हणाले.

"मागं सांगितलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "तवा दगडांनी फोडली."

दहा वाजले होते. त्या उठल्या, गोठ्याकडे बघत राहिल्या आणि निलेशला म्हणाल्या, "गोठ्याचं जोतं काड."

गोठ्याचं जोतं त्याच चिकणमातीचं, गुडघाभर उंच. निलेशने दोनदा विचारलं. मग आम्ही म्हशी सोडल्या, खांब उपटले, पत्रे बाजूला टाकले आणि जोतं बकेटने खांडीत जाऊ लागलं. साडेअकराला खांड भरली. पाणी चढतच होतं. तेवढ्यात आतल्या बाजूने अंगठ्याएवढी धार सुटली.

अशी धार आतून बुजत नाही. बाहेर पाण्यात उतरून भोक दाबावं लागतं, आणि बाहेर तिवरांच्या मुळांशी सकाळपासून मगरीचे डोळे दिसत होते. पुरुषमंडळी एकमेकांकडे बघू लागली. धार मनगटाएवढी झाली.

सासूबाईंनी कासोटा घातला आणि उतरल्या. मी त्यांना जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. मातीचा गोळा घेऊन मीही मागोमाग उतरले. पाणी कमरेला लागलं. त्या पायाने भोक चाचपत होत्या, मी गोळे देत होते, आणि आमच्यापासून दहा हातांवर ते दोन डोळे होते. मधेच ते दिसेनासे झाले. तेव्हा मला हात कुठे आहेत आणि पाय कुठे आहेत ते कळेना. वरून बाबल्याकाका म्हणाले, "धार थांबली, वर या." आम्ही वर कशा आलो ते मला सांगता येणार नाही.

बाराला पाणी बांधाच्या माथ्याला चार बोटं ठेवून थांबलं आणि मग उतरू लागलं. मगरीने काही का केलं नाही, मी विचारलं.

"तिला काय ठावं आपन कोन," सासूबाई म्हणाल्या. "पोट भरलेलं आसंल."

त्या गोठ्याच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे नुसता खड्डा होता आणि भोवती अकरा म्हशी उन्हात रवंथ करत होत्या. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. सासूबाई खड्ड्याच्या कडेला बसल्या आणि रडायला लागल्या. लग्नाच्या वर्षी त्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून ते जोतं पायांनी तुडवलं होतं. "त्यांच्या हातचं तेवडंच ऱ्हायलं व्हतं," त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं, रागही तसाच होता. मी निलेशला हाक मारली आणि विचारलं, आमच्या घराच्या नव्या पडवीचा कठडा पाडून पावसाळ्यापुरत्या म्हशी आत जातील एवढी वाट करता येईल का. तो म्हणाला, वहिनी, लाद्या फुटतील. मी म्हटलं, फुटू देत.