उभ्या छापलेल्या प्लेटी

ती दुपार अजून डोक्यातून जात नाही. जाम गावाजवळ हायवेवर दोघांनी पैशांची गाडी अडवून सुरक्षारक्षकाला गोळी घातली होती. दोघेही सिंदीच्या बाजूला लगेच सापडले, कबुलीही दिली. माझ्या लेखी तपास आटोपला होता.

तेवढ्यात मृताचा धाकटा भाऊ ठाण्यात आला. तोही भावाच्याच सुरक्षा एजन्सीत रक्षक. त्याने आपलं बुलेटप्रूफ जॅकेट माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, गोळी दादाच्या जॅकेटातून आरपार गेली. आता एजन्सीवाले मले असंच जॅकेट घालून ड्यूटीवर जाय म्हणून राह्यले. कसा जाऊ?"

मला राग आला. ज्या जातीची गोळी अडवायला ते जॅकेट बनवलं होतं, तीच गोळी आत शिरली होती. पंचनामा करून मी दोन्ही भावांच्या जॅकेटांतल्या, गोळी अडवणाऱ्या प्लेटी तपासणीला पाठवल्या. त्या सिरॅमिकच्या, सेलूजवळच्या कारखान्यात थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या. मशीन थरावर थर चढवतं, मग प्लेट भट्टीत भाजतात. तज्ज्ञांनी कळवलं, मृताची प्लेट थरांच्या सांध्यांवर सरळ रेषेत फुटली आहे. ती मशीनमध्ये कोणत्या बाजूने छापली ते विचारा.

कारखान्याच्या मालकाला बोलावलं. माणूस शिकलेला, एकदम निवांत.

"चाचणीत नमुना पास झालता साहेब. मशीन तेच, भट्टी तीच."

खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो. हा खरं तेच सांगत होता, म्हणून वेळ लागला.

"नमुना मशीनमध्ये कसा छापला होता?"

"आडवा."

"आणि विकलेल्या प्लेटी?"

"उभ्या. एका खेपेत जास्त बसतात ना. दिसायले तर सारख्याच."

उभ्या छापलेल्या प्लेटीचे सांधे गोळीच्या दिशेत येतात आणि धक्क्याने उकलतात, हे त्याला माहीत होतं; म्हणूनच नमुना आडवा छापला होता. मी आधी एजन्सीला फोन करून बाकीच्या रक्षकांच्या अंगावरून त्या प्लेटी उतरवल्या, मग त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला.

जबाबावर सही करताना धाकट्या भावाने विचारलं, "आडवी असती तर दादा वाचला असता काय?"

"वाचला असता."

त्याने सही पुरी करून पेन ठेवलं. "मंग माह्या मायले हे सांगू नोका, साहेब."

गोळी झाडणारा सापडला की खुनाचा तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. आता मानत नाही. ती माय मात्र आजही त्या दोघा लुटारूंनाच शाप देते, आणि भेटलो की मी गप्प ऐकून घेतो.