चिंचोक्यांचा डाव

रविवारी कोल्हापुरातल्या एका संग्रहालयात मुलाबाळांसकट सगळ्या घराला फुकट खेळायला बोलावलं होतं. मुलगा मला आणि नातीला घेऊन गेला. दारातच नातीच्या हातात एक कार्ड दिलं. घरात कुठल्या भाषा आहेत ते त्यावर लिहायचं होतं.

"मराठी लिही. आणि शाळेतली इंग्रजी," मुलगा म्हणाला.

"आणि कानडी?" मी विचारलं.

"अव्वा, आपल्यात कोण बोलतंय आता कानडी?"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. माझं माहेर नृसिंहवाडीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीवर. सासरी माझ्या बोलण्याला हसायचे, तेव्हा मी कानडी बंद केली. आकडे आणि शिव्या तेवढ्या राहिल्या. मुलाला शिकवली नाही ही चूक माझीच. तरी मी जिवंत असताना ती कार्डावर नसावी, हे मला पटेना.

आत टेबलावर माझ्या माहेरचा खेळ, अळगुळी मणे, मांडला होता. सात-सात खळग्यांच्या दोन ओळींचा लाकडी पाट आणि चिंचोके. तिथल्या मुलीने नियमांचा कागद पुढे केला.

"कागद ऱ्हाऊ दे बाई. चिंचोके कमी हायत, ते बघ."

एका खळग्यातले चिंचोके उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. हात रिकामा झाल्यावर पुढचा खळगा मोकळा निघाला, तर त्याच्या पलीकडचा ढीग आपला. नात हे लगेच शिकली आणि माझ्या पुढे गेली.

"आज्जी, हरतीस की."

मी आठ चिंचोके उचलले. एक खळगा अलीकडे थांबले तर तिचा मोठा ढीग मिळत होता. मोठ्याने मोजायला लागले, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु..." आणि सातव्या खळग्यात दोन एकदम सोडून, सात गाळून थेट आठ, "एंटु" म्हणाले.

"ए अव्वा," मुलगा मागून म्हणाला, "एळु कुठं गेलं? एकात दोन टाकलीस की."

नात त्याच्याकडे वळली. "पप्पा, तुम्हाला येतंय व्हय कानडी?"

"न्हाय गं. एवढंच."

"एवढंच म्हणजे किती?"

त्याने वीसपर्यंत मोजून दाखवलं. मग त्याच्या लहानपणी मी घातलेल्या दोन शिव्याही म्हटल्या, अगदी माझ्याच आवाजात. कागदवाली मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. तिला कानडी येत असावी.

नातीने कार्डावर तिसऱ्या ओळीत कानडी लिहिलं. लबाडी मी जिंकायला केली होती, त्याला पकडायला नव्हे. नातीने मला तो जादाचा चिंचोका उचलून पुढच्या खळग्यात टाकायला लावला आणि माझा ढीग गेला. डाव हरले. लगेच दुसरा मांडायला घेतला आणि मुलाला म्हणाले, "आता तू बस."