दादाची भुलाबाई

आमच्या पिंपळगाव राजात कोणाच्या घरचं माणूस गेलं की लोक भेटायला येतात आणि गप्प बसतात. आमच्याकडे उलटंच झालं! दादा गेला, आणि जो येतो तो डोळे पुसत बसतो अन् दादाचा एखादा किस्सा सांगून उठतो. ओसरीवर किस्स्यांचा ढीग साचलाय. लोक हसतात, मग लाजतात, मला रडू फुटतं, तेवढ्यात दुसरा म्हणतो, "हे तं कायीच नाई, माह्यं आयका!"

फक्त माय हसत नाही. दादानं सिनेमा काढला, त्या धावपळीत तापानं धरलं, आणि सिनेमा लागायच्या आधीच तो गेला. मायनं सांगून टाकलं, "त्या सिनेमाचं नाव या घरात काढू नोका." आणि दादाची तर एकच इच्छा होती, मायनं तो सिनेमा बघावा. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. मला समजूत घालता येत नाही. किस्से तेवढे सांगता येतात.

* * *

दादा आधी खामगावच्या एका साप्ताहिकात गाण्यांवर लिहायचा. एकदा बाहेरगावचे कोणी मोठे बुवा गायला आले. दादानं लिहिलं, "बुवांनी तंबोरे फार सुंदर जुळवले. मैफल तिथेच थांबायला हवी होती."

बुवा खवळले! टांगा करून थेट आमच्या दारात. "कोण तो लिहिणारा?"

दादा गोठ्यात म्हैस धूत होता. म्हणाला, "मीच. बसा ना बुवा." बसायला कडब्याची पेंढी दिली!

बुवांनी रागारागानं तिथेच सूर लावला, आणि असे गायले, असे गायले, की म्हैस रवंथ करायची थांबली.

पुढच्या अंकात दादानं लिहिलं, "खामगावकरांनी बुवांना ऐकलंच नाही. आमच्या म्हशीनं ऐकलं."

* * *

आश्विनात आमच्याकडे पोरी मातीची भुलाबाई नवऱ्यासकट मांडतात. रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात झाकून आणलेली खिरापत ओळखायची. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. दादानं सुलतानपूरला आत्याकडे ही गाणी ऐकली आणि भलामोठा लेख लिहिला. मला वाचून दाखवला. मी आपलं पटकन बोलून गेलो, "दादा, लय मस्त! पन याच्यात चाल कुठी हाये?"

दादानं कागद खाली ठेवला. "खरंय बे. लिहिल्यानं आयकू येत नाई."

आणि गडी निघाला कोल्हापूरला, सिनेमाचं काम शिकायला!

साप्ताहिकाचे संपादक मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "लेका, पुढच्या खेपी लेख आवडला एवढंच म्हणत जा!"

* * *

शिकून आला तो कॅमेरावाला आणि आवाजाचं मशीन घेऊनच आला. पण बोलपट काढायचा म्हटल्यावर बुलढाण्याच्या कचेरीत परवानगी मागावी लागली. तिथला कारकून जबलपूरकडून बदलून आलेला. त्यानं अर्जावरचं बोलपटाचं नाव वाचलं आणि भुवई चढवली.

"ये भुलाबाई कौन है? किस पार्टी की है?"

दादा म्हणाला, "घरगुती बाई आहे, साहेब."

"शादीशुदा?"

"हो, साहेब."

"तो मियां-बीवी दोनों को हाजिर करो!"

दुसऱ्या दिवशी दादानं फडक्यात गुंडाळलेली मातीची जोडी त्याच्या टेबलावर ठेवली. साक्षात शंकर-पार्वती! कारकून ताडकन उठला, जोडे काढले, हात जोडले.

दादा म्हणाला, "साहेब, दोघं हजर आहेत. विचारा काय विचारायचं ते!"

* * *

शूटिंग आमच्याच अंगणात होतं. आता दादाची जन्माची सवय, गाणं डोळे मिटून ऐकायचं. डायरेक्टर झाला तरी ती सुटेना! पोरी गायला लागल्या की ह्याचे डोळे बंद, मान डोलते आहे. कोल्हापूरचा कॅमेरावाला शेवटी ओरडला, "अवो साहेब, डोळं उघडा! कॅमेऱ्याम्होरं शेळी आलीया!"

डोळे न उघडताच दादा म्हणाला, "असू दे. सुरात आहे ना?"

* * *

गाणं झालं, मशीन बंद झालं, पण पोरी उठेनात. भुलाबाईपुढे गाणी म्हटली, मग खिरापत कुठे आहे? दादा ते साफ विसरलेला! तेवढ्यात पोरींना कॅमेरावाल्याजवळ पत्र्याचा गोल डबा दिसला. त्यात नुकतीच काढलेली फिल्म. पोरींनी तोच पळवला आणि हलवून हलवून ओळखायला बसल्या.

"लाडू!"

"करंजी!"

"नाई बे, शेंगदाने!"

एकीनं झाकणाला हात घातला, तसा कॅमेरावाला बोंबलतच धावला. "उघडू नका! उजेड लागला तर सगळं गाणं जाईल!"

त्यातली सगळ्यात लहान पोरगी डबा कुशीत धरून दादाला म्हणते कशी, "याच्यात गानं हाये? मंग शिळं नाई व्हनार?"

दादा हसून हसून खाली बसला. मग उठला आणि खिरापत आणायला स्वतः हलवायाकडे पळाला.

* * *

परवा खामगावला तंबूत दादाचा सिनेमा लागला. मी बैल जुंपले आणि मायला म्हटलं, "चाल."

"कुठी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादापाशी."

माय उठली. लुगडं बदललं आणि गाडीत बसली.

तंबूत बायांच्या बाजूला मला कोणी बसू देईना. मी मायच्या मागे कनातीला टेकून उभा राहिलो. दिवे गेले. मायनं मान खाली घातली आणि पदर डोळ्यांवर ओढला. पडद्यावर आमचं अंगण आलं, तरी ती बघेना. फिल्म कापायचं आणि जोडायचं शेवटचं काम दादानं स्वतः बसून केलं होतं. पोरी ओळीनं बसलेल्या. गाणं सुरू होणार, तेवढ्यात दादा बोलला. दिसला नाही, नुसता आवाज.

"माय, सरक वं जराशी. पोरींवर तुह्यी सावली पडून राह्यली."



मायनं डोळ्यांवरचा पदर बाजूला केला, आणि बसल्या जागेवरून सरकली.